दिवेलागणीची लॅटिन

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी रोज दिवेलागणीला देवापुढे बसून मेलेल्या माणसांसाठीची प्रार्थना म्हणत होते, आणि तीही आमच्या धडधाकट, सायकलवरून कारखान्यात जाणाऱ्या बाबांच्या नावाने. म्हणायला मला आईने बसवलं होतं. प्रार्थना लॅटिनमध्ये होती आणि आम्ही जबलपूरचे मराठी होतो. लग्नकार्याला चार माणसं जमली की मला ही गोष्ट सांगायला लावतात. मी हसवण्यापुरती सांगते, पुढचं गिळून टाकते. आता पन्नाशी आली, गिळलेलं पचत नाही, म्हणून सगळंच लिहिते आहे.

लढाई तशी तेरा दिवसांची. पण कारखान्यात ती पावसाळा संपल्यापासूनच सुरू झाली होती. बाबा भरणी विभागात होते, म्हणजे तोफेच्या गोळ्यांत दारू भरणाऱ्यांत. गेटवर काडेपेटी, किल्ल्या, बिड्या सगळं काढून ठेवायचं, बिनखिळ्यांचे बूट घालायचे आणि मग आत जायचं. त्या दारूने बोटं पिवळी होत. बाबा वरणभात कालवायला बसले की हळद कुठे संपते आणि बाबा कुठे सुरू होतात ते कळायचं नाही.

आई उघडपणे घाबरत नसे, ती तयारी करत असे. तिलवाऱ्याहून नर्मदेचं पाणी बाटलीत भरून आणलं, शेजारच्या सरदारणीकडून गुरुद्वाऱ्याचा प्रसाद आणला, गोहलपुरातल्या एका फकिराकडून ताईत आणला. "कोणत्या देवाची ड्यूटी केव्हा असते, काय माहीत," असं तिचं म्हणणं. पण ताईत निघाला पितळेचा. तो गेटवर काढून ठेवावा लागे. म्हणजे दिवसभर बाबा आत आणि ताईत बाहेर, हवालदाराच्या टेबलावर. हे आईला एका दुपारी कळलं. संध्याकाळी म्हणाली, "शब्दाची तर झडती नाही ना घेत?" आणि माझा परवचा वाढला.

परवचा म्हणजे दिवा लावल्यावर पोरांनी पाढे आणि स्तोत्रं मोठ्याने म्हणायची. अर्थ कुणी विचारायचा नाही, कुणी सांगायचा नाही. थांबलं तर पाठीत धपाटा. माझ्या डोक्यात तेव्हा काहीही एकदा गेलं की बाहेर येत नसे. आज चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण तेव्हाचे पावकीचे पाढे झोपेत म्हणते, असं माझी सून सांगते.

आमच्या मागच्या रस्त्याला एक मिस राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती बाई. मी त्यांच्याकडे इंग्रजी सुधारायला जात असे. ते अजून सुधारलेलं नाही. मिस आणि त्यांची बहीण दोघीच असत, आणि बहीण त्या उन्हाळ्यात गेली. नोव्हेंबर हा त्यांच्यातला गेलेल्यांचा महिना, आपल्याकडे पितृपक्ष असतो तसा. त्या महिन्यात दोघी बहिणी रोज प्रार्थना म्हणत, एकीने ओळ म्हणायची आणि दुसरीने उत्तर द्यायचं. चर्चमध्ये तोवर सगळं हिंदीत झालं होतं, आणि मिसना ती प्रार्थना हिंदीत म्हणणं म्हणजे बहिणीला परक्या नावाने हाक मारण्यासारखं वाटे. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच झालं, की मिसनी एकदा कुंपणापलीकडून माझा परवचा ऐकला.

"इतना सब याद है?"

"जी."

"और मतलब?"

"मतलब नहीं मालूम."

"बहुत अच्छा," मिस म्हणाल्या, आणि इतक्या समाधानाने, की मला वाटलं आपण काहीतरी जिंकलं.

त्या दिवसापासून मिस मला ती प्रार्थना शिकवू लागल्या, कुणासाठी ते न सांगता. आठ दिवसांत मला ओळी आल्या आणि उत्तरंही आली. शब्दांच्या शेवटी घुमायचं, ओठ मिटायचे, पुढे जायचं. स्तोत्रांची सवय असलेल्या पोरीला अवघड काही नव्हतं. बिस्किटं मिळत, ते वेगळंच.

एकदा मी विचारलं, "मिस, लैटिन मतलब क्या?"

चहा ट्रेमध्ये सांडला होता. मिसनी त्यातच बोट बुडवून नदी काढली. "ये नदी, उधर समुंदर. बीच में सपाट ज़मीन, उसका नाम लैटियम. वहाँ के किसान लैटिन, उनकी बोली लैटिन." नदीवर रोम शहर वसलं, शहराने पुढे अर्धं जग जिंकलं, पण भाषेला नाव शहराचं लागलं नाही, त्या शेताभाताच्या पट्ट्याचं लागलं. "समझो बरगी के गाँववालों की बोली आधी दुनिया बोले." मला हसू आलं. बरगीचा मासेवाला आमच्या दारात ओरडत असे, तो मला राजाच्या दरबारात ओरडताना दिसला.

त्या जमिनीला ते नाव कसं पडलं, तेही मिसनी सांगितलं. शहाणे लोक म्हणतात, ऐसपैस पसरलेली, रुंद जमीन म्हणून. पण खुद्द तिथले जुने लोक वेगळंच सांगत. राज्यावरून हाकललेला एक म्हातारा देव तिथे येऊन लपला होता, म्हणून ती लपण्याची जागा. मिसना शहाण्यांचं पटे, पण सांगताना त्यांचा आवाज बारीक होई तो दुसऱ्या गोष्टीला. त्या दिवसांत, विमानांना उजेड दिसू नये म्हणून, आमच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते. मला म्हातारा देव आमच्या कोळशाच्या खोलीत दिसू लागला, आणि मी कोळसा आणायला जाणं बंद केलं.

मग तो शब्द गावोगाव फिरला म्हणे. मिसच्या चर्चचं नाव झाला, लॅटिन चर्च. समुद्रापलीकडच्या अर्ध्या खंडाला लागला. जुन्या काळी तिकडे पाखरांच्या किलबिलाटालाही लोक 'त्यांची लॅटिन' म्हणत. आणि अक्षरं. "तुम्हारे पापा के गोलों पर जो ए, बी, सी लिखते हैं ना, वो भी लैटिन ही हैं." मी म्हटलं, आमच्या वर्गात सांगितलंय की लॅटिन मेलेली भाषा आहे. मिस म्हणाल्या, "मरी नहीं बेटा. घर से निकल गई, बस." हे मला लगेच पटलं, कारण आमच्या मराठीचंही तसंच काहीसं झालं होतं. आमच्या घरात आई मराठीत रागवे आणि मी हिंदीत उत्तर देई.

आईने मला भांडी विसळताना ती प्रार्थना गुणगुणताना पकडलं.

"काय म्हणून राहिली?"

"मिसची प्रार्थना. लॅटिन."

"देवाचीच आहे ना?"

"हो."

"अच्छा. मग आजपासून परवचात म्हण. बाबांचं नाव घेऊन."

त्या आठवड्यात बाबांना सलग दोन पाळ्या होत्या. आई म्हणाली, "दोनदा म्हण. डबल ड्यूटी आहे."

असे चार-पाच आठवडे गेले. मिस मला आतून जुनं काही देत होत्या, मी ते घरी आणून बाबांवर ओवाळत होते, आणि दुसऱ्या घरात ती प्रार्थना कुणासाठी म्हणतात, याची दोघींपैकी कुणालाच खबर नव्हती. बाबा घरी असले तर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत. आईला वाटे, त्यांना आवडतंय.

लढाई जाहीर झाली त्यानंतरच्या एका दुपारी मी मोठेपणा मिरवायला मिसना सांगितलं, "हम घर में भी बोलते हैं. रोज."

"घर में? किसके लिए?"

"बाबा के लिए."

मिसनी कप खाली ठेवला. बशीत नाही, टेबलावर. "बेटा," त्या म्हणाल्या, "ये उनके लिए है जो चले गए." मग घाईघाईने म्हणाल्या, "ईश्वर मूरख नहीं है, वो समझता है." पण तोवर मी पायरीवर होते आणि माझी एक चप्पल त्यांच्याकडेच राहिली.

त्या संध्याकाळी आईने दिवा लावला आणि म्हणाली, "म्हण." मी पाढे म्हटले. स्तोत्रं म्हटली. जन्मात पहिल्यांदा तीसचा पाढा सावकाश म्हटला. मग म्हणायला काही उरलं नाही.

"लॅटिन?"

"विसरले."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी, विसरले! आणि तेवढ्यात भोंगा झाला. पाळीचा नव्हे, हवाई हल्ल्याचा, तो चढत-उतरत जाणारा. आईने दिव्यावर पाटी पालथी घातली आणि मला खाटेखाली ओढलं. बाबांची पाळी सुटायची वेळ होऊन गेली होती.

"म्हण ना ग."

"येत नाही."

तिने मला थोबाडीत मारली. एरवीचा धपाटा वेगळा, ही वेगळी. आणि मग अंधारात तीच म्हणू लागली. रोज ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती, घुमायच्या जागी घुमत, ओठ मिटायच्या जागी मिटत, मध्ये बाबांचं नाव. माझी आई, जिला नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागे, ती उघड उघड त्यांचं नाव घेऊन त्यांना कायमची विश्रांती मागत होती. मी दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं. तिला वाटलं, मला हुंदका आलाय. तिने मला पोटाशी धरलं आणि माझ्या बोटांमधून म्हणतच राहिली.

भोंगा संपला. विमान आलं नव्हतं. बाबा मात्र आठ वाजून गेल्यावर आले, कारखान्याची फाटकं बंद ठेवली होती म्हणून. आईने ताट वाढायला घेतलं आणि तक्रार केली, "तुमच्या पोरीनं ऐन वेळी म्हणायचं सोडलं."

बाबा मागच्या अंगणात नळावर हात धुवायला गेले. मी टॉवेल घेऊन गेले आणि सांगून टाकलं. सगळं एका दमात, आणि शेवटी म्हटलं, "मी तुम्हाला मारत होते."

बाबा साबण लावत राहिले. "मला माहीत आहे ते," म्हणाले. "माझ्या बाजूला एक ख्रिश्चन गडी आहे. मी गुणगुणत होतो तर त्याचा चेहराच पडला. त्यानं सांगितलं."

"केव्हा?"

"झाले दोन-तीन हप्ते."

"मग तुम्ही काहून नाही बोलले?"

बाबांनी पुन्हा साबण घेतला. काळे कागद लावलेल्या खिडकीतून उजेड येत नव्हता, मला त्यांचे हात दिसत नव्हते, फक्त चोळण्याचा आवाज येत होता.

"आम्ही भरतो ते कुठं तरी जाऊन पडते ना ग," ते म्हणाले. "माझं काम तर भरण्यापुरतं. गाडी लागते, गाडी जाते. कोणावर पडलं ते मला थोडीच दिसते? त्याच्याही घरी कोणी दिवा लावून बसली असेल. म्हटलं, आपली पोरगी रोज म्हणून राहिली, तर म्हणू दे. त्यांच्या कामी येईल."

"पण मी तुमचं नाव घेत होते."

"घे. पाठवणारा मीच आहे."

आईने आतून हाक मारली, ताट वाढलं होतं. बाबांनी टॉवेल घेतला आणि म्हणाले, "तिला नको सांगू. तिला झोप लागत नाही आधीच."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा म्हणू लागले. आता अर्थ माहीत होता, म्हणून आवाज बारीक निघे, आणि ज्यांच्यासाठी म्हणायचं त्यांचे चेहरे माहीत नसल्याने मी आमच्याच क्वार्टरांच्या लाइनीतल्या माणसांचे चेहरे समोर आणत असे. तो दूधवाला, तो पोस्टमन, ते समोरचे काका. मग सकाळी तेच काका दारात हसत उभे दिसले की मी आत पळे.

काही दिवसांनी रेडिओवर लढाई संपल्याचं सांगितलं. क्वार्टरांत पेढे वाटले, पोरांनी खिडक्यांचे काळे कागद फाडून त्यांचे पतंग केले. बाबांची पाळी पुन्हा एकच झाली. संध्याकाळी आईने दिवा लावला, माझे पाढे झाले, आणि ती उठायला लागली. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "ते म्हणतेस?"

"आता कशाला?" आई म्हणाली. "आपलं माणूस तर आलं ना घरी."

"म्हणू दे."

मी म्हटलं, ओळीही आणि उत्तरंही. संपल्यावर बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "झालं?"

"झालं."

ते तसेच बसून राहिले. आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून स्वयंपाकघरात गेली, आणि आतूनच मला म्हणाली, "उद्या पण म्हण."