तुमचं म्हणणं सांगा

बस डेपोच्या समोर पडद्यांचं एक दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला कापडाचे तागे, उजवीकडे शिलाई मशीन आणि मधोमध एक लांबलचक कटिंगचं टेबल. टेबलाच्या एका टोकाला कात्री, खडू आणि टेप, आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. कात्री आणि लॅपटॉप दोन्ही एकाच बाईचे. अख्खं शहर तिला पडदेवाल्या काकू म्हणतं. मशीनवर बसलेले काकाही चारचौघांत तिला काकूच म्हणतात, यावरून काय ते समजा.

काकूंच्या ब्लॉगचं नाव ‘उघड बाजू’. उघडलं की सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसे, “आम्ही एका पक्षाच्या आहोत आणि ते लपवत नाही. निःपक्षपाती मजकूर हवा असेल तर दुसरीकडे शोधावा, सापडला तर आम्हालाही कळवावं.” खाली एकेकाची बिनपाण्याने केलेली. विरोधी पक्षाचा नगरसेवक असो, त्यांचा खजिनदार असो, काकू कुणाची भीडभाड ठेवत नसत. सगळ्यात जास्त राग आमदार असलेल्या डॉक्टरीणबाईंवर. सरकारी इस्पितळातला प्रसूती विभाग बंद करण्याच्या ठरावावर या बाईंनी सही केली होती. स्वतः डॉक्टर असून! काकूंच्या धाकट्या भाचीला कळा सुरू झाल्यावर दुसऱ्या शहरात न्यावं लागलं आणि तिचं बाळ गाडीतच जन्माला आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण काकूंचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंना खाली खेचायचं, हा एकच ध्यास.

मात्र लिहिण्याची त्यांची एक तऱ्हा होती आणि तिने त्यांच्याच पक्षातले लोक जेरीस आले होते. कुणाविरुद्ध मजकूर तयार झाला की काकू आधी त्या माणसाला फोन लावत. अख्खा मजकूर वाचून दाखवत आणि शेवटी विचारत, “तुमचं म्हणणं सांगा.” समोरचा जे बोलेल ते शब्दन् शब्द खाली छापत. शिवी दिली तर शिवीसुद्धा. ही खोड दुकानातली. कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करून मापं वाचून दाखवायची, हा दुकानाचा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, आणि माणसांचं तरी काय वेगळं असतं?

निवडणूक लागली. काकूंच्या पक्षाने उमेदवारी दिली कंडक्टरला. निवृत्त झाला तरी त्याचं हे नाव काही सुटलं नव्हतं. डोंगरावरच्या वस्तीला जाणाऱ्या बसवर त्याने उभा जन्म काढला होता. प्रचारप्रमुख नेमले काकूंचे सख्खे धाकटे दीर. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आणि तिथेच प्रचाराचं कार्यालय. दिवसभर जिन्यावर पावलांचा धडधडाट, पत्रकांचे गठ्ठे वर-खाली आणि दिरांचा आवाज सगळ्यांच्या वर.

एका सकाळी दीर दोन-दोन पायऱ्या उतरत दुकानात आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“वहिनी, लॉटरी लागली! हे बघा.”

मोबाइलवर एक चित्रफीत होती. डॉक्टरीणबाई सभेच्या व्यासपीठावर उभ्या. बोलता बोलता त्यांचा तोल गेला, हात हवेत फिरला, त्या माइकच्या दांड्याला लटकल्या आणि दोघांनी त्यांना सावरलं. खाली अक्षरं होती, ‘आमदारबाई चढवून आल्या!’

“दुपारच्या आत ‘उघड बाजू’वर टाका. दुसरीकडे टाकली तर लोक म्हणतील बनवाबनवी. तुमच्याकडे आली की दगडावरची रेघ!”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि फोन उचलला.

“कुणाला लावताय?”

“डॉक्टरीणबाईंना.”

दिरांनी कपाळावर हात मारला. “अहो वहिनी, लढाई चालू आहे! शत्रूला विचारून गोळी झाडतं का कुणी?”

“मी झाडते, भाऊजी. बसा.”

फोन खुद्द डॉक्टरीणबाईंनी उचलला. काकूंचा नंबर त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. काकूंनी चित्रफितीत काय दिसतं ते सांगितलं, खालची अक्षरं वाचून दाखवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“मी प्यायलेले नव्हते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्या कानाचा आजार आहे. अचानक सगळं गरगर फिरायला लागतं. हे घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही. घेरी येणाऱ्या बाईला मत कोण देणार? आता तुमच्या हातात आहे. छापायचं तर छापा. फक्त दारू लिहू नका. माझ्या वडिलांनी दारूपायी आमच्या घराचं वाटोळं केलं. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.”

काकूंनी फोन ठेवला. मशीन थांबवून काका त्यांच्याकडे बघत होते. काकूंना त्या क्षणी स्वतःचाच राग आला, कारण फोनवरच्या बाईची त्यांना कीव आली होती आणि कीव त्यांना मुळीच करायची नव्हती.

“खोटं आहे,” त्या दिरांना म्हणाल्या. “मी टाकणार नाही. तुम्हीही टाकू नका.”

“खोटं कशावरून? तिनं सांगितलं म्हणून? मग काय झालं होतं तिला?”

“ते मला सांगितलंय, तुम्हाला नाही.”

दीर पाय आपटत वर गेले. दुपारी चित्रफीत शहरभर झाली. एका बिननावाच्या पानावरून सुटली आणि डेपोत, बँकेच्या रांगेत, केस कापायच्या दुकानात जो तो मोबाइल पुढे करून खदाखदा हसू लागला. बस पकडायला निघालेली माणसं दुकानात डोकावून विचारत होती, “काय काकू, तुमच्याकडे कशी नाही आली अजून?”

काकूंनी हातातला खडू ठेवला, लॅपटॉप पुढे ओढला आणि लिहायला बसल्या. मजकूर थोडकाच होता. फीत आमच्याच प्रचार कार्यालयातून सुटली आहे, आमदारबाई प्यायलेल्या नव्हत्या, मी स्वतः विचारून खात्री केली आहे. त्यांना मत देऊ नका, पण प्रसूती विभाग बंद केला म्हणून देऊ नका. एवढं कारण पुरेसं आहे, खोट्याची गरज नाही.

लिहून झालं. पण यात आरोप होता तो प्रचारप्रमुखांवर. मग रिवाज तो रिवाज. काकूंनी फोन उचलला आणि वरच्या मजल्यावर लावला. वर वाजलेली घंटी खाली दुकानात ऐकू आली. काकूंनी मजकूर संथपणे, स्वल्पविरामांसकट वाचला.

“तुमचं म्हणणं सांगा.”

पुढचं फोनवर ऐकायची गरजच नव्हती. ते थेट छतातून आलं. आणि इथेच दिरांनी ती चूक केली. या घरात इतकी वर्षं राहून, काकूंची खोड तोंडपाठ असून, संतापाच्या भरात माणूस विसरलाच की आपण जे बोलतोय ते छापलं जाणार आहे. संध्याकाळी ‘उघड बाजू’वर मजकुराच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत झळकलं –

“प्रचारप्रमुखांचं म्हणणं : वहिनी, तुम्हाला वेड लागलंय का? फीत खरी की खोटी याच्याशी आपल्याला काय करायचंय? निवडणूक आहे की सत्संग? आणि हे छापलंत तर याद राखा!”

लोक पोट धरधरून हसले. चित्रफीत बघायला कुणाला सवड उरली नाही. ‘निवडणूक आहे की सत्संग’ हे डेपोतल्या पोरासोरांच्या तोंडी झालं. पण घरात मात्र सुतक पडलं. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. पक्षाच्या ग्रुपमधून काकूंचं नाव उडालं. सभेला गेल्या तर त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली आणि कुणीतरी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ‘घरभेदी’ म्हणालं. ज्या पक्षासाठी इतकी वर्षं बोटं झिजवली त्याच पक्षात त्या परक्या झाल्या. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आता कंडक्टर पडला तर त्याचं खापर आपल्या माथी, आणि प्रसूती विभागाचं कुलूप कायमचं.

“चुकलं का हो माझं?” त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी सुई ओवली. “माप बरोबर होतं,” ते म्हणाले आणि मशीन चालू केलं.

मतदान अगदी तोंडावर आलं आणि विरोधकांनी घाव घातला. कंडक्टरच्या आवाजातली एक ध्वनिफीत बाहेर आली. आवाज त्याचाच, बोलण्याची धाटणीही त्याचीच. “डोंगरावरची बस तोट्यात आहे, बंद करणार!” वस्तीवरची सगळी मतं कंडक्टरची हक्काची. तीच गेली तर उरलं काय? दिरांनी गाडीवर भोंगा लावून घसा फोडला, “खोटं आहे, खोटं आहे!” लोक हसून म्हणत, “ह्यांना खऱ्या-खोट्याशी काय करायचंय?” स्वतःचंच वाक्य दिरांच्या पायात आलं.

काकूंनी कंडक्टरला फोन लावला. कसलीही गोडीगुलाबी न करता सगळं वाचून दाखवलं आणि प्रश्न विचारला.

“काकू, तुम्ही आमच्या ना?” कंडक्टर दुखावला. “मला असं आरोपीसारखं विचारता?”

“तुमचीच आहे. म्हणून तर विचारते. बोललात का असं?”

“शब्द माझेच आहेत,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. “डेपोच्या दारातल्या सभेत बोललो होतो. पण पुढचंमागचं कापलंय. ‘हे म्हणतात, डोंगरावरची बस तोट्यात आहे, बंद करणार! करून तर दाखवा, मी चाकाखाली आडवा होईन!’ असं होतं ते.”

ती सभा दुकानाच्या समोरच झालेली. काकूंनी रेकॉर्ड केलेलं सगळं भाषण ‘उघड बाजू’वर तेव्हापासून पडून होतं. काकूंनी ते वर काढलं. विरोधकांच्या कार्यालयालाही फोन केला, तिथे फोन आपटला गेला, तेव्हा ‘त्यांचं म्हणणं : फोन आपटला’ असं खाली लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरची बस आली आणि उतरलेल्या बायका कामावर जायच्या आधी थेट दुकानात घुसल्या. टेबलाभोवती गर्दी झाली.

“काकू, बस बंद होणार का?”

“नाही. पूर्ण भाषण टाकलंय, ऐका.”

“पण तुम्ही पडलात त्यांच्याच पक्षाच्या,” एक तरणी बाई म्हणाली. “तुम्ही असंच सांगणार.”

काकूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मागून एक म्हातारी कडाडली, “अगं, हिनं सख्ख्या दिराला सोडलं नाही! ती काय तुझ्या-माझ्याशी खोटं बोलणार?”

एकदम हशा पिकला. तरणी बाईही हसली. त्या सगळ्याजणी बाहेर पडल्या त्या हाच निरोप घेऊन, आणि बसने तो डोंगरावर पोचवला. वस्तीने रांगा लावून मतं दिली आणि मोजणीच्या दिवशी मागे पडलेला कंडक्टर वस्तीच्या पेट्या उघडल्यावर जो पुढे गेला तो थांबलाच नाही.

डेपोत सगळ्या बसचे हॉर्न एकदम वाजले. ज्यांनी खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या ते सगळे दुकानात शिरून काकूंचे हात हातात घेऊ लागले. काकू हसत होत्या, रडत होत्या आणि कापडावर कुणी बसू नये म्हणून ओरडतही होत्या. सगळ्यात शेवटी दीर उतरले. दारात घुटमळले.

“वहिनी, आता माझ्याबद्दल काय लिहिणार?”

“लिहिलं की फोन करीन, भाऊजी. या वेळी जरा जपून बोला.”

दिरांनी कोपरापासून हात जोडले. जिन्यातून जाऊबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी नंबर बघितला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं.

“डॉक्टर बोलतेय,” पलीकडून आवाज आला. “हरल्याचं निवेदन पत्रकारांना द्यायचंय. त्यात तुमच्याबद्दल दोन ओळी आहेत. म्हटलं, द्यायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवाव्यात.”

“वाचा,” काकू म्हणाल्या.

“‘या निवडणुकीत माझ्याबद्दल पुष्कळ जण बोलले. मला विचारलं एकाच बाईनं, आणि ती मला पाडायला निघाली होती.’” डॉक्टरीणबाई थांबल्या. “तुमचं म्हणणं सांगा.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. आवाज मात्र मुळीच मऊ होऊ दिला नाही.

“प्रसूती विभागाचं त्यात काहीच नाही. तेवढं राहिलं.”

पलीकडे पहिल्यांदाच हसू ऐकू आलं. “लिहिते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चुकलंच होतं माझं ते. तसंच लिहिते.”

काकूंनी फोन ठेवला आणि तोच परत उचलून कंडक्टरला लावला. तो विजयाच्या मिरवणुकीत होता, कानठळ्या बसतील असा गोंगाट होता. “आमदारसाहेब, अभिनंदन,” काकू टिपेच्या आवाजात म्हणाल्या. “उद्याचा मजकूर तुमच्यावर आहे. इस्पितळातलं ते कुलूप कधी काढताय? तुमचं म्हणणं सांगा, मी लिहून घेतेय.”