मध्येच थांबणारी ईश्वरी

डॉक्टरांनी कागदाचं भिरभिरं ईश्वरीच्या हातात दिलं. "बेटा, याला फुंकर मार. मी थांब म्हणेपर्यंत मारत राहायची."

नांदेडच्या दवाखान्यातली ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी मुलगी ईश्वरी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. फुंकर मारता मारता हसत होती. दीड-दोन मिनिटं झाली असतील. भिरभिरं हळू झालं आणि थांबलं. तिचे डोळे उघडे होते, पण समोर कुणीच नसल्यासारखे. पापण्या बारीक लवत होत्या. डॉक्टरांनी हाक मारली, डोळ्यांपुढे हात हलवला. काही नाही. मी खुर्चीवरून उठलो.

"थांबा, हलवू नका तिला," असं म्हणून ते घड्याळाकडे बघत राहिले.

बारा सेकंदांनी ईश्वरीनं पुन्हा फुंकर मारली. मध्ये काही घडलं हे तिच्या गावीही नव्हतं.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

हा चेहरा मी घरी कितीतरी वेळा पाहिला होता. आणि त्याच चेहऱ्यावर मी मारलंही होतं.

मी लातूरला शिकवणीत गणित शिकवतो. बारावीची पोरं लांबलांबून येऊन आमच्या भागात खोल्या करून राहतात. पहाटेपासून मी वर्गावर. त्या वर्षी तर दुसरी-तिसरीच्या लेकरांचेही क्लास निघाले होते. गणिताच्या सरांची मुलगी पाढे म्हणताना अडते, याची मला लाज वाटायची. संध्याकाळी तिला समोर बसवायचो. "सात सक" म्हणून ती गप्प व्हायची. मला वाटायचं, येत नाही म्हणून टाळते. एकदा हात उचलला. ती रडली नाही. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, काय झालं?" तो उद्धटपणा वाटला मला.

माझी बायको सुरेखा म्हणायची, लेकरू कुठंतरी हरवल्यासारखं करतंय. एकदा शाळेतून आणताना ईश्वरी तिचा हात सोडून पुढं गेली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मोटारसायकलवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. सुरेखानं घरी येऊन सांगितलं. मी मात्र तिलाच रागावलो.

आम्हाला दवाखान्याची वाट दाखवली ती ईश्वरीच्या वर्गशिक्षिका शेख बाईंनी. त्यांनी एक दिवस मला शाळेत बोलावलं. तक्रार असणार असं समजून मी मान खाली घालून गेलो. बाईंनी एक वही उघडली. आठ दिवसांच्या नोंदी होत्या. वाचताना थांबली. डबा खाताना थांबली, घास हातातच. खेळताना थांबली. एका दिवशी सव्वीस वेळा.

"सर, रागावू नका," बाई हळूच म्हणाल्या. "पोरीचं लक्ष नसतं असं नाही. तेवढ्यापुरती ती नसतेच. तुम्ही तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

लातूरच्या बालरोगतज्ज्ञांनी नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. बसमध्ये अहमदपूर गेलं, लोहा गेलं. आम्हा नवरा-बायकोच्या मनात मेंदूतली गाठ एवढंच होतं.

भिरभिऱ्यानंतर ईईजी झाला. मेंदूत सतत बारीक विजेचे संदेश चालू असतात. डोक्याला वायरी चिकटवून त्यांचा आलेख काढतात, तो ईईजी. दुखत नाही. पण तेवढ्या वायरींमध्ये आपलं लेकरू बघणं सोपं नसतं. बाहेरच्या बाकावर एक आई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याला मोठे झटके यायचे. मी त्याच्याकडे बघितलं, आणि नंतर बघवेना.

"अ‍ॅब्सेन्स सीझर," डॉक्टर म्हणाले. "काही सेकंद भान जातं. मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून लोकांना कळत नाही. भराभर श्वास घेतला की हा झटका येतो, म्हणून तर तिला फुंकर मारायला लावली. हा एपिलेप्सीचाच प्रकार आहे. म्हणजे फिटचा. पण गाठ वगैरे काही नाही. लहानपणचा हा आजार बहुतेक मुलांमध्ये औषधानं आवरतो."

त्यातलं फिट एवढंच मला ऐकू आलं.

घरी आल्यावर माझी आई म्हणाली, "शाळेत सांगू नको रे बाबा. पोरीची जात हाय. उद्या लोक लई बोलतील." मलाही तेच वाटत होतं. दोन दिवस मी गप्प राहिलो.

ते दिवस फार वाईट गेले. भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा मी शाळकरी होतो. पुढं कितीतरी वर्षं रस्त्यानं ट्रक गेला तरी मी घराबाहेर पळायचो. तसंच झालं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मी धावायचो. ईश्वरी न्हाणीत गेली की दाराबाहेर उभा राहायचो. वर्गावर फळ्याकडे तोंड करून मी गणित लिहायचो आणि मनात यायचं, आत्ता ती जिन्यावर असेल तर?

शेवटी सुरेखाच म्हणाली, "दिवसाचे पाच तास ती बाईंजवळ असते. बाईंना न सांगून कसं चालेल?" आम्ही दोघं शाळेत गेलो.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. ईश्वरीला खिडकीजवळून उठवून पुढच्या बाकावर बसवलं. पाण्याच्या टाकीकडे आणि जिन्यावर तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. मग त्यांनी वर्गाला सांगितलं, "ईश्वरी मधेच थांबली तर हसायचं न्हाई, हलवायचं न्हाई. ती परत बघायला लागली की आपण कुठं होतो तेवढं सांगायचं." तिच्या शेजारी बसणाऱ्या वैष्णवीनं ते इतकं मनावर घेतलं की ती पुस्तकातल्या ओळीवर बोटच ठेवून बसायची.

औषधाचं सिरप हळूहळू वाढवायचं होतं. ते लिव्हरला सोसतंय ना, हे पाहायला रक्त तपासायचं. सुरुवातीला ईश्वरी पेंगायची, पोट दुखतं म्हणायची. औषध बंद करावं असं मला दहादा वाटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मनानं एक दिवसही बंद करू नका. एकदम थांबवलं तर मोठा झटका येऊ शकतो." भीती दोन्हीकडून होती.

बाई रोज दप्तरात चिठ्ठी ठेवायच्या. एकोणीस वेळा. अकरा. सात. सहाव्या आठवड्यात एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: आज एकदाही नाही. सुरेखानं ती देवघरात ठेवली.

पाढे मागे पडलेच होते. बाईंनी मधल्या सुट्टीनंतर रोज पंधरा मिनिटं तिला घेतलं. मी घरी शिकवणं सोडलं. फक्त जवळ बसायचो.

दोन वर्षं एकही झटका आला नाही, तेव्हा डॉक्टर औषध कमी करूया म्हणाले. खरं सांगतो, ते सुरू करताना वाटली नव्हती एवढी भीती मला बंद करताना वाटली.

माझ्यासारख्या आईबापांना एकच सांगायचं आहे. मूल शून्यात बघतं, मधेच तुटतं, विचारलेलं त्याला आठवत नाही, तर मारू नका. आधी बघा, लिहून ठेवा, दाखवा. आणि शाळेपासून लपवू नका. आमची मुलगी एका शिक्षिकेच्या वहीमुळं सापडली. त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

औषध थांबवून आता सात महिने झाले. परवा ईश्वरी वही पुढं घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती. हालचाल नाही. मी तिच्याजवळ गेलो. "ईश्वरी," मी हाक मारली. पुन्हा मारली.

ती वळली. थोडी वैतागलेली.

"हाय ना मी इथंच, पप्पा. विचार करायलेय. करू द्या की."

मी खोलीबाहेर आलो आणि दार हळूच लोटून घेतलं.