‘नको’चं चित्र

माझी वहिनी मुलांना बोलायला मदत करते, पण घरात तिच्या स्वतःच्या तोंडाला कायम कुलूप. दादाने लग्नाचं विचारलं तेव्हा ती इतका वेळ गप्प राहिली, की बिचारा उठून पाणी पिऊन आला. मग म्हणाली, “हो. पण विचार तर पूर्ण करू दे की!” मी तिच्या अगदी उलट. माझ्या जिभेला हाड नाही. बालवर्गाची बाई आहे मी, दिवसभर बोलायचाच पगार घेते.

आमच्या शाळेने वहिनीला आठवड्यातून एक दिवस बोलावलं ते भिंगरीमुळे. भिंगरी हे मी ठेवलेलं नाव. पाच वर्षांची पोर, खूश झाली की स्वतःभोवती गरागरा फिरायची. तिच्या तोंडी एकच वाक्य: “दार बंद होत आहे.” त्यांच्या इमारतीतली लिफ्ट म्हणते, अगदी त्याच सुरात. आणि मनाविरुद्ध काही झालं की हाताला लागेल ते भिरकावायची. बूट, डबा, एकदा माझा चष्मा. तिची आई रोज फाटकाशी अंग चोरून उभी असायची आणि पहिला प्रश्न विचारायची, “आज काय फेकलं?”

पहिल्या दिवशी वहिनीने काही म्हणजे काही केलं नाही. जमिनीवर मांडी घालून बसली आणि भिंगरीच्या शेजारी ठोकळे रचत राहिली. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, “ते लिफ्टचं वाक्य ती कधी म्हणते, बघितलंस? पुरे झालं, बाहेर जायचंय, असं वाटलं की.” दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य कानावर पडलं की मी व्हरांड्याचं दार उघडायला लागले. फेकाफेकी निम्मी झाली. “माझ्याकडे बघ आणि सांग” असं म्हणायलाही वहिनीने मला बंदी घातली. “ती एकतर बघेल, नाहीतर ऐकेल. दोन्ही एकदम कशाला मागतेस?”

मग तिने भिंगरीसाठी चित्रांचा फळा केला. पाणी, शू, झोका, घर, अजून, नको. चित्र उपटायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. भिंगरीला सगळ्यात आवडलं ‘नको’. गाणं नको, रंग नको, शेजारी बसलेली मी नको. सकाळपासून माझ्या हातात तेच चित्र. मी वैतागले, वहिनीला मात्र आनंदाचं भरतं. “आता तिला फेकायची गरज काय?” म्हणाली.

आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, यांना ते काही पटलं नाही. “नकार द्यायला शिकवायला शाळा काढलीय का आपण?” असं म्हणून त्यांनी ते चित्र काढून स्वतःच्या खणात टाकलं. दोन दिवसांत मातीकामाचा डबा उडाला आणि एका मुलाच्या कपाळाला टेंगूळ आलं. पालक भांडायला आले. मोठ्या बाईंनी त्यांना शब्द दिला: महिनाअखेरपर्यंत आणखी एक वस्तू उडाली, तर या मुलीसाठी दुसरी शाळा बघावी लागेल.

मी घरी येऊन नुसती धुमसत होते. “उद्या जाऊन त्यांची चांगली खरडपट्टी काढते!” वहिनी भाजी चिरत होती. सगळी चिरून झाल्यावर म्हणाली, “मी येईन त्या दिवशी सगळ्या बाईंना तासभर थांबव. आणि चहा ठेव.”

त्या तासाचा नियम सोपा होता. कोणी बोलायचं नाही. मान हलवायची नाही, हातवारे नाहीत, कारण भिंगरी ते करत नाही. जे हवं ते फळ्यावरून मागायचं. फळा भिंगरीचाच, होता तसा. तो आधी मोठ्या बाईंच्या मांडीवर ठेवला.

चित्रकलेच्या बाईंनी त्यांना चहा दिला. मोठ्या बाई बिनसाखरेचा पितात आणि हा गोडमिट्ट. त्यांनी फळा न्याहाळला, कप बाजूला सरकवला. चहा गार झाला असेल, असं समजून बाईंनी दुसरा गरम कप आणला, तसाच गोड. मोठ्या बाईंनी ‘पाणी’ दिलं. पाणी आलं, चहा जागच्या जागी. तेवढ्यात कोणीतरी पंखा मोठा केला. त्यांना तर वारा सोसत नाही. त्यांनी चिडून ‘घर’ दिलं, तर एकीने तत्परतेने त्यांची पर्स आणून दिली! मी ओठ चावून धरले. तिसरा कप पुढे आला, आणि मोठ्या बाईंनी बशीतला चमचा असा भिरकावला की तो थेट खिडकीवर आदळला.

वहिनी काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ती कसली बोलतेय! मोठ्या बाई त्या चमच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, खण उघडला आणि चित्र स्वतःच्या हाताने फळ्यावर लावलं.

“मला साखर नको होती,” त्या म्हणाल्या. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच निवळला. “पण पालकांना शब्द दिलाय. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी वर्गात येऊन बसणार.”

आल्या आणि सकाळपासून कोपऱ्यात बसल्या. वहिनीचा शाळेत यायचा वारही नेमका तोच होता. माझी नजर भिंगरीपेक्षा तिच्या आसपासच्या वस्तूंवरच जास्त. पण दिवस सुरळीत गेला आणि सुटायच्या वेळी मी हुश्श केलं. म्हटलं, “चल भिंगरी, आई आली.” ती ठोकळ्यांचा बोगदा करत होती. तिच्या हातात एक मोठा लाकडी ठोकळा होता. तो हात वर गेला. मी पुढे धावणार, तोच शेजारी बसलेल्या वहिनीने माझी ओढणी धरली. “थांब,” एवढंच म्हणाली.

भिंगरीने ठोकळा बोगद्यावर ठेवला. फळ्याकडे गेली, ‘नको’ उपटलं आणि थेट मोठ्या बाईंच्या हातात दिलं.

“काय नको?” मोठ्या बाईंचा चेहरा पडला. “शाळा नको?”

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, पण वहिनीने ओढणी सोडली नव्हती. भिंगरी परत फळ्याकडे गेली, सावकाश दुसरं चित्र काढलं आणि त्याच हातात ठेवलं. घर. मग आपल्या बोगद्याकडे वळली आणि जाता जाता एक गरागरा गिरकी घेतली.

फाटकाशी आई नेहमीसारखी उभी होती. मोठ्या बाई स्वतः भिंगरीला घेऊन गेल्या, मी मागे.

“आज काय फेकलं?” आईने विचारलं.

“काही नाही. आज ती नको म्हणाली.”

“कशाला?”

“घरी यायला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उद्या जरा लवकर आणा तिला. बोगदा अर्धाच झालाय.”