नेव्हिलचा एक शब्द

नेव्हिलचं सगळं बोलणं एका शब्दात मावतं, असं आम्ही फेरीबोटीवर म्हणायचो. तो शब्द म्हणजे मेट. अर्थ म्हटलं तर मित्र. उसाच्या मळ्यांमधली नदी, पाण्याखाली पोलादी दोर, दोरावर ओढली जाणारी, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आणि तिच्यावर एकतीस वर्षं नेव्हिल. गाडी पुढे घ्यायची असली की आखूड मेट. कुणाचा कुत्रा मेला तर लांबवलेला, खाली उतरत जाणारा मेट. रांग मोडणाऱ्याला दात न उघडता काढलेला मेट. तो ऐकून उसाचे ट्रकसुद्धा मागे सरायचे. नाव तो फक्त चिडला की घ्यायचा. मी त्याच्या हाताखाली होतो; मला त्याने एकदाच 'रसेल' म्हटलं. मी बोटीचं फाटक उघडं टाकलं होतं.

पाववाल्याची व्हॅन रोज पहिल्या फेरीला यायची. एकोणीस वर्षं ते दोघं कठड्याला टेकून एकाच थर्मासमधला चहा प्यायले. एका मंगळवारी पाववाला म्हणाला, शनिवारी पोस्टातल्या ग्लेनिसशी लग्न करतोय. पत्रिकाबित्रिका काही नाही, तू माझ्या बाजूने उभा राहा आणि चार शब्द बोल. नेव्हिल लगेच हो म्हणाला. व्हॅन उतरून गेली आणि त्याचा चेहरा ओहोटीतल्या चिखलासारखा झाला.

"त्याचं नाव काय रे?"

मलाही ठाऊक नव्हतं. आणि एकोणीस वर्षांनी त्यालाच विचारायचं म्हणजे इतकी वर्षं चहा कुणाबरोबर प्यायलो, असं विचारण्यासारखं. दोन दिवस नेव्हिल पाण्याकडे बघत राहिला. मग पोस्टात गेला, उगाच एक तिकीट घेतलं आणि ग्लेनिसला सहज विचारल्यासारखं विचारलं, भाषणात नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊ का. ती म्हणाली, नुसतं ऑब्री म्हण, पूर्ण नाव त्याला सोसत नाही.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये कोळंबी, बिअर, इस्त्रीचे शर्ट. नेव्हिल कागद घेऊन उठला.

"ऑब्री," तो म्हणाला.

नवरदेवाचा ग्लास ओठांपाशीच थांबला. मागच्या टेबलांवरच्या माना वळल्या. नेव्हिल नाव कधी घेतो, हे फेरीने ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

"माझं काय चुकलं, मेट?" ऑब्रीने हळूच विचारलं.

नेव्हिलने कागदाची घडी करून खिशात घातली. तो ऑब्रीकडे वळला.

"मेट," तो म्हणाला.

हा स्वर मी फेरीवर कधी ऐकला नव्हता. भाषण तेवढंच झालं. ग्लेनिसने डोळे पुसले, ऑब्रीने उरलेला ग्लास संपवला.

सोमवारी पहिल्या फेरीला व्हॅन आली. नेव्हिलने थर्मास उघडला. ते नाव पुन्हा निघालं नाही.