ओडीलचं बॉस्टन

ओडील पेल्तिएला दोन्हीकडून होकार आला, तेव्हा सेंट जॉन नदीवरचा बर्फ अजून फुटायचा होता. एक होकार बॉस्टनच्या मोठ्या विद्यापीठाचा, दुसरा तिच्याच मेन राज्यातल्या, जंगलाच्या कडेला असलेल्या एका छोट्या कॉलेजचा. शिष्यवृत्ती दोघांनीही देऊ केली होती, त्यामुळे पैशाची सबब उरली नव्हती.

डॉक्टर व्हायचं तिने लहानपणीच ठरवलं होतं. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला त्याच हिवाळ्यात तिची मावशी दूरच्या इस्पितळाच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवरच बाळंत झाली. टॉर्च धरायचं काम छोट्या ओडीलकडे होतं. मावशी आणि बाळ दोघंही वाचली. पण आपल्याला काहीच करता येत नव्हतं, हे तिच्या मनातून गेलं नाही.

बॉस्टनला ती वडिलांबरोबर गेली. आर्मां हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा, पण शहरात त्याने प्रत्येक वळणावर शिव्या हासडल्या. ओडीलचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. विद्यापीठाला लागूनच इस्पितळ होतं. पांढरे कोट घातलेली मुलं हातात कॉफी घेऊन धावत होती. इथे कुणालाच माहीत नव्हतं की ही आर्मांची पोर, आईविना वाढलेली. तिला एकदम हलकं वाटलं.

विद्यापीठ दाखवणारी मुलगी म्हणाली, "पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या वर्गात खुर्ची मिळणं मुश्कील. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं. दुसऱ्या वर्षी हव्या तेवढ्या खुर्च्या!"

ओडील हसली. घाबरली नाही. ती प्रेमातच पडली होती.

छोटं कॉलेज बघायला ती निव्वळ शाळेतल्या देग्ल मॅडमच्या आग्रहाखातर गेली. "पदवीनंतर मेडिकलला घेतात ना, ते इमारत बघत नाहीत गं," मॅडम म्हणाल्या होत्या. "मार्क बघतात, आणि तुला ओळखणाऱ्या माणसाने तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघतात."

तिथे व्हिटकम सरांच्या टेबलाभोवती मोजकीच मुलं मेंढीचं हृदय कापत होती. सरांनी तिच्या हातात हातमोजे दिले. "पाहुण्यासारखी उभी राहू नकोस. बोट घाल आत. झडप लागते का बघ."

झडप लागली. निसरडी, पातळ, आणि ओढून बघितली तर भलतीच चिवट.

उत्तर कळवायच्या दिवशी सकाळी आर्मां कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होता.

"पापा, तू सांग ना."

"मी सांगितलं की जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडशील. पण तुझं मन बॉस्टनला आहे, हे आंधळ्यालाही दिसतंय."

"आहेच. पण त्या हृदयात बोट घातलं ना, तेव्हा मला बॉस्टन आठवलं नाही."

"मग रडतेस कशाला?"

"दोन्ही हवंय म्हणून."

"हावरट," तो म्हणाला, आणि तव्यावरचं धिरडं तिच्या ताटात टाकून पाठ फिरवून उभा राहिला.

तिने छोटं कॉलेज निवडलं. तिची मैत्रीण कोरीन वेलेट बॉस्टनला गेली, तीही डॉक्टर व्हायलाच. कोरीनचे फोटो यायचे: बंदर, गच्च्या, दिव्यांचे पूल. ओडील ते बघायची, फोन पालथा ठेवायची आणि कॉलेजजवळच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर घ्यायला जायची. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीत तिची दांडी उडाली, तेव्हा व्हिटकम सर शनिवारचे तिच्याबरोबर बसले. पुढे त्यांनीच शिफारस लिहिली. मेडिकलला प्रवेश मिळाला, आणि शिक्षण संपवून ती नदीकाठी परत आली. आता खोऱ्यातल्या बायकांना बाळंतपणासाठी फार लांब जावं लागत नाही.

कोरीनने मात्र मध्येच मेडिकलचा नाद सोडला होता. ती नाटकांचे कपडे शिवू लागली आणि त्यात रमली. परवाच्या उन्हाळ्यात ती गावी आली, तेव्हा दोघी नदीकाठी बसल्या होत्या.

"तू आली असतीस ना, तर टिकली असतीस," कोरीन सहज बोलून गेली. "तिथे तुझ्याएवढी चिवट एकही नव्हती."

ओडीलला वाटलं होतं, कोरीन म्हणेल, बरं झालं आली नाहीस. इतकी वर्षं ती नकळत त्याच वाक्याची वाट बघत होती.

"गप गं," ती म्हणाली. "तिकडे धिरडी कुणी घातली असती?"

कोरीन खदाखदा हसली. ओडीलही हसली, पण डोळे भरून आले, तशी ती उठून पाण्याशी गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

आपलं चुकलं असं तिला वाटत नाही. तरी रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती बॉस्टनचं हवामान बघते. तिकडे ऊन असेल, तर उगाचच बरं वाटतं.