लाल डोक्याच्या माश्या

माझं लग्न जुळत होतं तेव्हा भाऊ करडीला जाऊन घर पाहून आला आणि म्हणाला, "पोराचा बाप मिलिटरीतून रिटायर झालेला आहे. धानाची शेती करते अन् माश्या बांधते." माश्या बांधते म्हणजे नेमकं काय करते, ते बपेऱ्यात आमच्या घरी कोणालाच उमगलं नाही. आई तर हसतच सुटली.

सासरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पाहिलं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उजेडाच्या बाजूला एक बुटकं टेबल होतं. त्याच्या कडेला चिमटीएवढा लोखंडी शिकंजा बसवलेला आणि शिकंज्यात एक गळ. माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्या गळावर धागा गुंडाळत होते. धाग्यावर लोकरीचा बारीक पुंजका पिळून अंग केलं, मग कोंबड्याच्या मानेचं पीस भोवती फिरवलं, तसे पिसाचे केस पायांसारखे चहूकडे उभे राहिले. गाठ मारली, गाठीवर वार्निशचा थेंब ठेवला. बघता बघता तिथे खरोखरीची माशी बसलेली दिसायला लागली.

नोकरीत असताना ते हिमाचलात ट्रक चालवायचे. तिथल्या थंडगार नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. पाण्यावर उडणारे किडे खायला तो वर येतो, म्हणून त्याला फसवायला अशा खोट्या माश्या लागतात. नदीकाठी गळ-दोऱ्यांचं दुकान असलेल्या एका माणसाने त्यांना हे शिकवलं होतं. गावी परतल्यावरही धान घरात आलं की ते माश्या बांधायला बसत आणि डबा भरला की पोस्टाने त्या दुकानात धाडत.

माझा नवरा त्यांना पिसं निवडून द्यायचा. मामाजींची नजर अधू झाली होती. कोणतं पीस कोणत्या गळाला पुरेल, ते नवरा नुसत्या बोटांनी ओळखायचा. राखाडी मानेचे कोंबडे त्यानेच पाळले होते. दोघं कामाला बसले की फार बोलत नसत. बाप हात पुढे करायचा, पोरगा त्यावर पीस ठेवायचा.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. कापणीच्या दिवसांत नवरा धानाच्या बांधीतून ताप घेऊन आला. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला. आम्ही त्याला झाकून घरी आणलं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मी आणि मामाजीच उरलो. मी ताट वाढायची, ते खाली मान घालून जेवायचे. टेबलावर धूळ साचली. हिवाळा सरत आला तेव्हा हिमाचलातल्या त्या दुकानदाराचा फोन आला. रेंज अंगणातच यायची, म्हणून मामाजी बाहेर जाऊन बोलले आणि परत येऊन टेबलाशी बसले.

"काय म्हणते तो?" मी विचारलं.

"माश्या मागून राहिला. तिकडं मासेमारी सुरू होते आता."

"मग बांधा ना."

"पिसं कोन निवडन?"

मी पिसांचा डबा काढला. सुरुवातीला दिलेली सगळी पिसं चुकली. त्यांनी ती बाजूला ठेवली. हळूहळू जमायला लागलं. पुढे त्यांचा हातही कापू लागला, तेव्हा ते मला शिकंज्यासमोर बसवून शेजारून सांगू लागले. "आवळ. अजून. तुटन, सोड थोडा."

एकदा वार्निश संपलं. मी आत जाऊन पेटीतली नेलपॉलिशची बाटली आणली. लालभडक. मोहाडीच्या बाजारातून नवऱ्याने आणली होती.

"हे कोनाचं?"

"माझंच."

"तुले लागन ना."

"आता कायले लागते मले?"

मी माशीच्या डोक्यावर लाल थेंब ठेवला. त्यानंतरच्या सगळ्या माश्या लाल डोक्याच्या झाल्या. बाटली आटली त्या दिवशी मी ब्रश आत फिरवत राहिले, फिरवत राहिले आणि एकाएकी हुंदका फुटला. नवरा गेला तेव्हा एवढी रडले नव्हते. मामाजी उठून जवळ आले. डोक्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांना कळेना. मग तिथेच खाली बसले आणि तेही रडले.

उन्हाळ्यात भाऊ न्यायला आला. सासरा आणि तरणी सून एका घरात, म्हणून लोक बोलत होते. मला वाटलं, मामाजी नाही म्हणतील. ते म्हणाले, "घेऊन जा तिले."

"मले काहून हाकलता?"

"हाकलून नाही राहिलो, बाई. मी किती दिवसांचा? मांगं तुले कोन आहे इथं?"

निघताना त्यांनी शिकंजा आणि पिसांचा डबा माझ्या पिशवीत घातला. तुमसरला एका शाळेत मला स्वयंपाकाचं काम मिळालं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मामाजी गेल्याचा निरोप आला. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. कोंबडे नवऱ्याच्या चुलत्यांनी नेले होते. मामाजींचा फोन तेवढा मी मागून घेतला.

त्याच फोनवर दुकानदाराला कळवलं. तो म्हणाला, "बड़े भले आदमी थे. बेटा कैसा है? वो लाल सिरवाली मक्खी बहुत सफ़ाई से बाँधता है. फौजी साहब हर बार बताते थे, अब सब बेटा ही बाँधता है."

मी अंगणात उभी होते. इतके महिने याच अंगणात उभं राहून मामाजी त्याला काय सांगत होते, ते मला तेव्हा कळलं.

"ठीक है," मी म्हणाले.

"उसको बोलो, भेजता रहे."

"बोलती हूँ."

शाळा सुटली की मी अजूनही माश्या बांधते आणि तिकडे पाठवते. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव नवऱ्याचं लिहिते. दुकानदार फोन करतो, त्याला विचारतो. मी म्हणते, शेतात गेला आहे. कधीतरी खरं सांगावं लागेल. दर वेळी फोन उचलताना वाटतं, आज सांगू. मग तो पलीकडून विचारतो, "बेटा है क्या घर पे?" आणि ते विचारणं ऐकायला इतकं बरं वाटतं की खरं सांगायचं राहून जातं.