रेतीचं शेवटचं पाणी

मालगुंडात धाकू गवंड्याची जीभ त्याच्या थापीइतकीच नामांकित. खाडीची रेती गिलाव्यात घालायची तर तो ती गोड्या पाण्याने तीनदा धुवी आणि शेवटचं पाणी चाखून बघे. अळणी लागलं तरच रेती चुन्यात पडे. लोक हसत, पण त्याच्या भिंती खडखडीत असत.

एकतीस सालच्या वैशाखात मात्र त्याने माती खाल्ली. येसूबाईच्या लेकीच्या, सगुणाच्या बाळंतपणासाठी नवी खोली उठत होती. वाडीची विहीर आटलेली, आणि लांबून पाणी वाहणारी धाकूची बायको कमळा पोटुशी. तिचे हाल त्याला बघवेनात. त्याने रेती एकदाच धुतली आणि पाणी चाखलंच नाही. चाखलं असतं तर पुन्हा धुवावी लागली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आषाढात भिंतीला घाम फुटला. येसूबाईने ठपका ठेवला तो कौलं शाकारणाऱ्या भिकाजीवर. तो बिचारा पुन्हा पुन्हा चढून कौलं सारखी करत राहिला. धाकूने मात्र घाम फुटला त्या पहिल्याच दिवशी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, भिंतीला जीभ लावली होती. खारट. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तसं रेतीतलं मीठ हवेतलं पाणी ओढून भिंतीला धरून बसलं होतं. खरं सांगावं तर पुढे काम कोण देणार? कमळाचे दिवस भरत आलेले. तो गप्प बसला.

श्रावणात आठ दिवस उघडीप पडली. वासे वाळले, कौलं तापली, भिंत ओलीच. आधीच्या गळतीचंच पाणी मुरलंय, अशा ओलीत बाळंतीण ठेवायची कशी, म्हणून येसूबाई भडकली. यापुढे गावात भिकाजीला कोणी छपरावर चढवायचं नाही, असं तिने अंगणात सर्वांदेखत सांगून टाकलं. तिचा शब्द गावात चाले. भिकाजी मान खाली घालून उभा राहिला. धाकूला ते सोसवेना.

"काकी, कौलांचा दोष नाय. रेती मीच नीट धुतली नाय. भितीत मीठ हाय. सगला गिलावा काडून परत करून देतो."

येसूबाई ओरडली नाही. हे त्याला कधी कळलं, एवढंच तिने विचारलं.

"पयल्याच दिशी."

एवढं बोलल्यावर धाकूला हलकं वाटलं. मग भिकाजीने मान वर केली. त्याचा आवाज चढला नव्हता.

"तीनदा चडलो मी, धाकू. तिनी येला शिडी तूच धरलीस."